सर्व्हर रिकामा, तरी वॅट चढलेले: घरच्या सर्व्हरची आयडल वीज शोधून कमी कशी करावी

घरी चोवीस तास चालू असलेला सर्व्हर दिवसातला बहुतेक वेळ काहीच करत नसतो. रात्री एकदा फोटोंचा बॅकअप, संध्याकाळी एखादा सिनेमा, मध्येच कुणीतरी एखादी फाइल उघडतो; बाकी वेळ तो नुसता जागा असतो. त्यामुळे त्याचा वीजखर्च या रिकाम्या, म्हणजे आयडल, वेळेवरच ठरतो. एक वॅट वर्षभर सतत चालला की ८.७६ युनिट होतात. ६० वॅटवर बसलेला सर्व्हर महिन्याला सुमारे ४३ युनिट खातो, २० वॅटवर आणलेला साधारण १४.

वीज खात्याचा घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतो. म्हणून वाचलेले युनिट नेहमी सर्वांत वरच्या, महागड्या टप्प्यातून कमी होतात. पण गोव्यात खरा फायदा बिलापेक्षा बॅटरीत दिसतो. जूनमध्ये माडाची झावळी तारेवर पडली की दुरुस्तीला किती तास लागतील याचा नेम नसतो. १२ व्होल्ट १५० अँपिअर-अवरच्या इन्व्हर्टर बॅटरीतून, ती पूर्ण रिकामी न करता, साधारण १००० वॅट-अवर वापरायला मिळतात असे धरा. इन्व्हर्टरचा स्वतःचा खर्च १५ वॅट धरला, तर ६० वॅटचा सर्व्हर जेमतेम १३ तास तग धरतो. तोच २५ वॅटवर आणला तर २५ तास. शिवाय सर्व्हरने खाल्लेला प्रत्येक वॅट उष्णता बनून खोलीतच राहतो. एप्रिल-मेच्या उकाड्यात, एसी लावलेल्या खोलीत, ती उष्णता बाहेर काढायला आणखी वीज जाते.

लेखातल्या आज्ञा आणि फायलींची नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टाइप करताना, वेगळे सांगितले नसेल तिथे, ती रोमन लहान अक्षरांत लिहायची. सगळा मजकूर लिनक्सवर चालणारा सर्व्हर गृहीत धरून आहे. डेबियन, उबुंटू, प्रॉक्समॉक्स, कुठलाही चालेल.

मोजमाप भिंतीवर, अंदाजाने नाही

प्लगमध्ये बसणारा वॅटमीटर किंवा वीज मोजणारा स्मार्ट प्लग घ्या. म्हापसा, पणजी, मडगावच्या इलेक्ट्रिकल दुकानांत स्मार्ट प्लग सहज मिळतात. स्वस्त मीटर ५ वॅटच्या खाली भरवशाचे नसतात आणि १० ते २० वॅटच्या पट्ट्यातही एखाददुसरा वॅट चुकतात. म्हणून आधी ९ वॅटचा एलईडी बल्ब लावून बघा. मीटर १४ दाखवत असेल तर तो मीटर बाजूला ठेवा. आकडा 'वॅट'चा वाचा, 'व्हीए'चा (व्होल्ट-अँपिअरचा) नाही. हलक्या भारावर पॉवर फॅक्टर, म्हणजे वॅटचे व्हीएशी प्रमाण, खूप पडतो, त्यामुळे २० वॅट घेणारा सर्व्हर ४० व्हीए दाखवू शकतो. घरगुती बिल मात्र वॅट-तासांवरच येते.

मीटर मिळाला नाही तर घराचा वीजमीटरच वापरता येतो. इलेक्ट्रॉनिक मीटरवर लाल दिवा लुकलुकतो आणि शेजारी 'एका युनिटला ३२००' असा आकडा छापलेला असतो. फ्रिज, इन्व्हर्टर, राउटर, सगळे बंद करून फक्त सर्व्हर चालू ठेवा आणि दोन लुकलुकींमधले सेकंद मोजा. ३६,००,००० ला छापील आकडा आणि सेकंद यांच्या गुणाकाराने भागले की वॅट मिळतात. मीटर ३२०० चा असेल आणि २२.५ सेकंद लागले, तर भार ५० वॅटचा. एका लुकलुकीवर विसंबू नका. दहा मोजून सरासरी घ्या.

मोजताना काही गोष्टी पाळाव्या लागतात. सर्व्हर सुरू झाल्यावर १५ मिनिटे थांबा, कारण सुरुवातीला सेवा उठत असतात आणि डेटाबेस आपली झाडलोट करत असतो. मॉनिटर आणि कीबोर्ड काढून, एसएसएचने, म्हणजे नेटवर्कवरून दुसऱ्या संगणकातून, जोडून मोजा. बायोसच्या (यंत्राच्या मूळ सेटिंगच्या) पडद्यावर असताना मीटरने दाखवलेला आकडा आयडल म्हणून धरू नका. तिथे प्रोसेसर झोपतच नाही, त्यामुळे तो आकडा नेहमी जास्त येतो.

यूपीएस असेल तर आधी आणि नंतर अशा दोन्ही जागी मोजा. लहान लाइन-इंटरॅक्टिव्ह यूपीएस स्वतः १० वॅटच्या आसपास खाऊ शकतो, आणि तो खर्च सर्व्हरच्या नावावर लावून बसले तर शोध भलत्याच दिशेला जातो. लांबलचक वीजखंडनानंतर तर यूपीएस कित्येक तास बॅटरी भरत राहतो. पावसाळ्यात मोजायचे तर वीज सलग एक दिवस टिकल्यावरच मोजा. आणि मासिक बिलावरून निष्कर्ष अजिबात काढू नका. चवथीच्या महिन्यात माटोळीभोवतीच्या माळा आणि पाहुण्यांसाठी चालवलेले पंखे यांत १५ युनिट कुठे गडप होतील ते कळायचे नाही.

शेवटी सर्व्हर बंद करून, प्लग चालू ठेवून मोजा. १ ते ३ वॅट ठीक. सर्व्हर-बोर्डावर दूरनियंत्रणाची वेगळी चिप, म्हणजे बीएमसी, असेल तर ती बंद अवस्थेतही ५ ते १० वॅट घेते आणि चालू असताना तेवढेच एकूण बेरजेत घालते. ती बंद करण्याचा जंपर काही बोर्डांवर असतो. नसेल तर तो खर्च गृहीत धरून पुढे जायचे.

कुठला आकडा जास्त म्हणायचा

एन१०० प्रोसेसरची छोटी पेटी एका एसएसडीसह ६ ते १० वॅटवर बसते. इंटेलच्या आठव्या ते चौदाव्या पिढीतला डेस्कटॉप, म्हणजे आय५-८५०० किंवा आय३-१२१०० असा, बऱ्या एसएमपीएससह (संगणकाच्या वीजपुरवठ्याच्या डब्यासह), ग्राफिक कार्डाशिवाय, एका एसएसडीवर १० ते २० वॅटवर यायला हवा. रायझनचे ग्राफिक आत असलेले प्रोसेसर, जसे ५६००जी, १५ ते २५. रायझन ३६०० किंवा ५६००एक्स साध्या ग्राफिक कार्डासह ३५ ते ५५. जुना दोन प्रोसेसरांचा झिऑन वर्कस्टेशन १०० च्या आसपास असेल तर तो बिघाड नाही, त्याचा स्वभावच तो. फिरत्या ३.५ इंची प्रत्येक हार्ड डिस्कमागे आणखी ४ ते ६ वॅट धरा.

एक गैरसमज इथेच दूर करतो. नावात 'टी' असलेला ३५ वॅटचा इंटेल प्रोसेसर आयडलला कमी खात नाही. ३५ आणि ६५ हे आकडे भारावरच्या मर्यादेचे आहेत. झोपलेले दोघे सारखेच. त्यासाठी जादा पैसे मोजू नका.

पहिली फाटाफूट: भिंत आणि प्रोसेसर

'टर्बोस्टॅट' आणि 'पॉवरटॉप' ही दोन साधने बसवा. रूट म्हणून टर्बोस्टॅट ३० सेकंद चालू ठेवा आणि 'पॅकेज वॅट' हा रकाना बघा. प्रोसेसरच्या पूर्ण पॅकेजचा खर्च तिथे दिसतो. आता त्याची भिंतीवरच्या आकड्याशी तुलना करा.

भिंतीवर ४८ आणि पॅकेज ४ असेल, तर प्रोसेसर नीट झोपतोय. बाकीचे ४४ वॅट डिस्क, कार्डे, पंखे आणि एसएमपीएसच्या गळतीत आहेत. भिंतीवर ४८ आणि पॅकेज १८ असेल, तर प्रोसेसरच जागा आहे; त्याला कोण जागवतंय ते आधी शोधायचे. बहुतेक लोक हा प्रश्न न विचारताच बायोसमधले वीस पर्याय एकदम बदलतात, आणि मग कशाने काय झाले हे कुणालाच सांगता येत नाही. एका वेळी एकच बदल, मग दहा मिनिटे थांबून मोजणी, मग वहीत नोंद. कंटाळवाणे आहे, पण एवढ्या शिस्तीवर सगळे काम उभे आहे.

प्रोसेसर जागा असेल तर

आधी सॉफ्टवेअर तपासा. 'टॉप' मध्ये एखादी प्रक्रिया सतत ३-४ टक्के खात असेल, तर प्रोसेसरचे गाभे (कोर) गाढ झोपेपर्यंत पोचतच नाहीत. पॉवरटॉपचा पहिला पडदा सेकंदाला किती वेळा कोण उठवतंय ते दाखवतो. रिकाम्या सर्व्हरवर एकूण आकडा शे-दोनशेच्या आसपास असावा. हजारांत असेल तर दोषी वरच्या चार ओळींतच दिसेल. कॅमेऱ्यांचे चित्रीकरण करणारे सॉफ्टवेअर, फोटोंतले चेहरे ओळखणारी सेवा, सतत फोल्डर चाळणारा मीडिया सर्व्हर, आणि व्हर्च्युअल मशीनमधले (सर्व्हरच्या आत चालणाऱ्या आभासी संगणकातले) विंडोज हे नेहमीचे चौघे. कॅमेरे जोडलेले असतील तर तो सर्व्हर आयडल नाहीच. त्याचा खर्च कमी करायचा तर चित्र उलगडण्याचे काम प्रोसेसरमधल्या ग्राफिक भागाकडे द्यावे लागते. अनोळखी नावाची प्रक्रिया सतत एखादा गाभा भरून टाकत असेल, तर मात्र वीज विसरा आणि घुसखोरी तपासा. कुणाचे तरी नाणे-खोदकाम (क्रिप्टो मायनिंग) तुमच्या बिलावर चालू असू शकते.

गव्हर्नर, म्हणजे प्रोसेसरचा वेग ठरवणारे धोरण, 'परफॉर्मन्स'वर आहे म्हणून घाबरू नका. झोपेच्या पायऱ्या नीट चालत असतील तर 'पॉवरसेव्ह'ने आयडलला फारसा फरक पडत नाही. बदलून बघा, पण मोठी आशा ठेवू नका.

खरी गोष्ट पॅकेजच्या झोपेची आहे. एकेक गाभा झोपला म्हणजे चिप झोपली असे नाही. मेमरी कंट्रोलर, आतले रस्ते, पीसीआयईचा (कार्डे जोडणाऱ्या मार्गाचा) भाग, हे सगळे मिळून झोपतात तेव्हा इंटेलची चिप पीसी२, पीसी३, पीसी६, पीसी८, आणि काही बोर्डांवर पीसी१० पर्यंत उतरते. टर्बोस्टॅटमध्ये 'पीकेजी-पीसी' नावाच्या रकान्यांत प्रत्येक पायरीवर किती टक्के वेळ गेला ते दिसते. पॉवरटॉपच्या 'आयडल स्टॅट्स' पानावरही तेच. पीसी८ ला ८० टक्क्यांहून जास्त दिसले तर उत्तम. सगळा वेळ पीसी२ किंवा पीसी३ मध्ये अडकलेला असेल, तर भिंतीवर सहज ५ ते १५ वॅट वाया चाललेत. बहुतेक वेळा असे अडकण्याला एकच उपकरण कारणीभूत असते. साखळीतल्या एका कडीने जागे राहायचे ठरवले की चिपला जागे राहावेच लागते.

बायोसपासून सुरुवात करा. 'सी-स्टेट्स' (याच झोपेच्या पायऱ्या) चालू, 'पॅकेज सी-स्टेट लिमिट' हा 'ऑटो' न ठेवता यादीतला सर्वांत खोल, 'एएसपीएम' (पीसीआयई जोडणी रिकामी असताना तिला झोपवण्याची सोय) या नावाने जे जे पर्याय असतील (पीसीआयई, पीईजी, डीएमआय) ते 'एल१' (त्या जोडणीची झोप) किंवा 'ऑटो', आणि 'एल१ सबस्टेट्स' चालू. 'नेटिव्ह एएसपीएम' हा पर्याय चालू केला की नियंत्रण लिनक्सकडे जाते. बंद ठेवला की बायोस ठरवतो. दोन्ही करून बघण्यासारखे आहे, कारण बोर्डागणिक उत्तर वेगळे येते. न वापरलेले भाग, म्हणजे ध्वनी, सिरियल पोर्ट, वायफाय, जादा साटा (डिस्क जोडणीचा) कंट्रोलर, हेही बंद करा. ओव्हरक्लॉकिंगसाठीचे 'एन्हान्स्ड' नावाचे मोड बंद.

मग लिनक्समध्ये रूट म्हणून 'एलएसपीसीआय -व्हीव्ही' चालवा. प्रत्येक उपकरणाखाली दोन ओळी शोधा: 'एलएनके-कॅप' म्हणजे त्याला काय जमते, 'एलएनके-सीटीएल' म्हणजे सध्या काय चालू आहे. पहिल्यात एल१ आहे आणि दुसऱ्यात 'डिसेबल्ड' लिहिलेय, असे उपकरण सापडले की संशयित मिळाला. पहिल्यातच एल१ नसेल तर त्या उपकरणावर इलाज नाही, ते बदलावेच लागेल.

चालू करण्याच्या वाटा तीन. सर्वांत सौम्य म्हणजे धोरण: 'सिस' फाइलव्यवस्थेत 'मॉड्यूल' खाली 'पीसीआयई_एएसपीएम', त्यात 'पॅरामीटर्स', त्यात 'पॉलिसी' या फायलीत 'पॉवरसुपरसेव्ह' लिहायचे. दुसरी वाट एकाच उपकरणापुरती: त्या उपकरणाच्या 'लिंक' फोल्डरमध्ये 'एल१_एएसपीएम' नावाची फाइल असते, तिच्यात १ लिहायचा. तिसरी, कर्नेलला सुरू होतानाच 'पीसीआयई_एएसपीएम=फोर्स' असे सांगायचे. बायोसने 'मला एएसपीएम येत नाही' असे जाहीर केलेले असले की ही लागते. जोर लावण्याआधी बॅकअप घ्या. न पेलणाऱ्या उपकरणावर एल१ लादला की नेटवर्क अधूनमधून तुटते, नाहीतर एनव्हीएमई डिस्क (पीसीआयईवरची एसएसडी) गायब होऊन फाइलव्यवस्था फक्त वाचण्यापुरती उरते. बदलानंतर दोन दिवस 'डीमेसेज'मध्ये (कर्नेलच्या नोंदींत) 'एईआर' नावाच्या, म्हणजे पीसीआयई जोडणीच्या, चुका येतात का ते बघत राहा. येत असतील तर त्या उपकरणापुरता बदल मागे घ्या.

नेहमी सापडणारी कार्डे

बोर्डावरची रिअलटेकची २.५ गिगाबिट चिप, आरटीएल८१२५, यादीत वरच्या जागी आहे. लिनक्सचा 'आर८१६९' चालक (ड्रायव्हर) तिच्यासाठी अनेकदा एल१ बंद ठेवतो, आणि सगळी चिप पीसी३ पलीकडे जात नाही. वर सांगितलेल्या 'एल१_एएसपीएम' फायलीत १ लिहिला की बऱ्याच बोर्डांवर प्रश्न तिथेच सुटतो. एक आठवडा मोठ्या फायली इकडून तिकडे करून बघा. जोडणी तुटली नाही तर तो बदल कायम करा.

एलएसआयची जुनी डिस्क-कार्डे, म्हणजे ९२११-८आय आणि ९२०७-८आय, जुन्या सर्व्हरमधून स्वस्तात मिळतात म्हणून घराघरांत पोचली आहेत. ती स्वतः १० वॅटच्या आसपास खातात आणि शिवाय प्रोसेसरलाही झोपू देत नाहीत. म्हणजे दुहेरी नुकसान. सहा साटा डिस्कपुरते काम असेल तर एएसएम११६६ चिपचे साधे कार्ड, नवे फर्मवेअर घातलेले, जास्त शहाणपणाचे. त्याच किमतीतले जेएमबी५८५ चे कार्ड टाळा. ते डिस्क चालवते, पण खोल झोप अडवते. एसएएस (सर्व्हरच्या वर्गातल्या) डिस्कच असतील तर एलएसआयला पर्याय नाही, तेव्हा ते वॅट मान्य करायचे.

दहा गिगाबिटच्या जुन्या कार्डांचेही तेच. इंटेल एक्स५४० तांब्याच्या केबलवर भरपूर गरम होते. एक्स५२० आणि मेलानॉक्सचे कनेक्टएक्स-३ कमी खातात, पण झोप अडवतात. दोन यंत्रे जवळजवळ असतील तर डीएसी (दोन्ही टोकांना प्लग असलेली तयार) केबल वापरा, ती जवळजवळ काहीच खात नाही; तांब्याच्या केबलसाठीचा एसएफपी+ मोड्यूल (कार्डात बसणारा जोडभाग) एकटाच २-३ वॅट घेतो, आणि समोरच्या स्विचमध्येही तेवढेच जातात. घरातल्या बहुतेकांना एक गिगाबिट पुरते. मोजून ठरवा, हौसेने नाही.

ग्राफिक कार्ड काढता येत असेल तर काढाच. हवेच असेल, आणि एनव्हिडियाचे असेल, तर 'एनव्हिडिया-एसएमआय' चालवा. 'पी८' (झोपेची पातळी) दिसले पाहिजे. 'पी०' दिसत असेल तर कार्ड जागे आहे. चालक उतरवलेला असताना कार्ड स्वतःहून खाली येईलच असे नाही, म्हणून 'पर्सिस्टन्स' सेवा चालू ठेवावी लागते. कार्ड व्हर्च्युअल मशीनला दिलेले असेल आणि ते मशीन बंद असेल, तर कार्डाची देखभाल करणारे कुणीच नसते आणि ते २०-३० वॅटवर नुसते तापत बसते. अशा वेळी मशीन बंद होताच कार्ड मूळ यंत्रावरच्या चालकाकडे परत द्या, किंवा चालक बसवलेले एक हलके व्हर्च्युअल मशीन त्याच्यासाठी चालू ठेवा.

इतके करूनही झोप लागत नसेल तर कार्डे प्रत्यक्ष उपटून बघा. सर्व्हर बंद, प्लग काढलेला, सगळी कार्डे आणि डिस्का बाहेर. फक्त बोर्ड, एक रॅम, एक एसएसडी. या अवस्थेत आलेला आकडा हा तुमचा पाया. मग एकेक वस्तू परत घाला आणि प्रत्येक वेळी वॅट व पॅकेजची पायरी दोन्ही लिहा. एनव्हीएमई डिस्क प्रोसेसरला थेट जोडलेल्या खाचेतून चिपसेटच्या खाचेत हलवली की काही बोर्डांवर पीसी३ चा पीसी८ होतो. लांबी-रुंदी सारखी असली तरी कुठली खाच कशाला जोडलीय ते बोर्डाच्या पुस्तिकेतल्या आकृतीत असते.

साटा, यूएसबी आणि पॉवरटॉपचा मोह

साटा जोडणीलाही झोप असते. 'स्कझी_होस्ट' खाली प्रत्येक पोर्टच्या 'लिंक_पॉवर_मॅनेजमेंट_पॉलिसी' फायलीत 'मॅक्स_परफॉर्मन्स' दिसले तर तिथे 'मेड_पॉवर_विथ_डीआयपीएम' लिहा. एकच साटा पोर्ट जागा राहिला तरी पॅकेज अडकते. बायोसमध्ये 'हॉट प्लग' चालू असलेल्या पोर्टांवर ही झोप लागू न होण्याची शक्यता असते, म्हणून गरज नसेल तिथे हॉट प्लग बंद करा.

'पॉवरटॉप --ऑटो-ट्यून' ही एक आज्ञा यातले बरेच एका दमात करते. चाचणीसाठी छान आहे: चालवा, मोजा, फरक कळतो. पण ती यूएसबीलाही झोपवते, आणि यूपीएसची यूएसबी केबल त्यात सापडली तर वीज गेल्याचा निरोप सर्व्हरला पोचत नाही. आपल्याकडे पावसात ही चूक परवडत नाही; बॅटरी संपेपर्यंत सर्व्हर चालत राहतो आणि मग धाडकन बंद पडतो. यूपीएसच्या उपकरणापुरते 'पॉवर' फोल्डरमधल्या 'कंट्रोल' फायलीत 'ऑन' लिहून त्याला वगळा, आणि यूपीएसचा प्लग हाताने काढून निरोप येतो का ते खरोखर तपासा. ऑटो-ट्यूनचे बदल पुन्हा सुरू केल्यावर पुसले जातात, म्हणून जे हवे तेच सिस्टमडीच्या (लिनक्समधल्या सेवा सुरू करणाऱ्या व्यवस्थेच्या) छोट्या सेवेत लिहून ठेवा.

एसएमपीएस: सोन्याच्या शिक्क्याची मर्यादा

'८० प्लस गोल्ड' हा शिक्का २०, ५० आणि १०० टक्के भारावरच्या मोजणीतून मिळतो. ६५० वॅटच्या एसएमपीएसचे २० टक्के म्हणजे १३० वॅट. तुमचा सर्व्हर १५ वॅटवर, म्हणजे सव्वादोन टक्क्यांवर बसलाय. तिथे गोल्डची कामगिरी कशी, याबद्दल शिक्का काहीच सांगत नाही. एखादा गोल्ड तिथे ६० टक्क्यांवर घसरतो, दुसरा ८० टिकवतो. आतल्या भागांना १५ वॅट लागत असतील तर पहिला भिंतीतून २५ घेतो, दुसरा १९. टायटॅनियमच्या चाचणीत १० टक्क्यांचा टप्पाही असतो.

म्हणून जास्त वॅटचा घेऊन ठेवू असे करू नका. चार डिस्क आणि साधा प्रोसेसर यांना ३०० ते ४५० वॅटचा, अलीकडच्या बनावटीचा, चांगल्या नावाचा एसएमपीएस भरपूर होतो. डिस्क सुरू होताना प्रत्येकी १२ व्होल्टवर दीड-दोन अँपिअर ओढतात. चार डिस्कांचे मिळून शंभरेक वॅट, तेही काही सेकंद. हलक्या भारावरची कार्यक्षमता मोजून छापणाऱ्या चाचण्या वाचून निवड करा. डिस्क नसलेल्या छोट्या यंत्राला १२ व्होल्टचा अडॅप्टर आणि पिको-पीएसयू (बोर्डाच्या कनेक्टरलाच बसणारा छोटा वीजपुरवठा) याहून चांगले काही नाही, पण त्यावर चार हार्ड डिस्क लादू नका.

इन्व्हर्टर चौकोनी लहरीचा असेल तर ॲक्टिव्ह पीएफसीचे (पॉवर फॅक्टर सुधारणारे) एसएमपीएस त्यावर कुरकुरतात, कधी बंदही पडतात. सर्व्हरसाठी साइन वेव्ह इन्व्हर्टरच हवा. खाऱ्या, दमट हवेत कनेक्टरवर हिरवट थर चढतो. पाऊस सुरू होण्याआधी एकदा धूळ काढा, पिना बघा. पंखे अडकले की गती वाढते, आणि पूर्ण वेगात फिरणारा प्रत्येक पंखा वॅट-दोन वॅट घेतो.

हार्ड डिस्क झोपवायच्या का?

चार डिस्क सतत फिरत असतील तर भिंतीवर २० ते २५ वॅट त्यांचेच. झोपवल्या की प्रत्येकी एक वॅटच्या खाली जातात. 'एचडीपार्म -एस २४१' (इथे 'एस' मोठ्या लिपीतला) म्हणजे अर्ध्या तासाने, '२४२' म्हणजे एका तासाने. दहा मिनिटांचा (१२०) मोह टाळा. दिवसात तीस वेळा उठणारी डिस्क वीज थोडी वाचवते आणि मोटर झिजवते. दिवसातून दोन-तीनदाच वापर असेल तर झोपवणे योग्य. दर तासाला कुणी ना कुणी काही मागत असेल तर फिरू द्या.

लावूनही डिस्क झोपत नाहीत, अशी तक्रार फार ऐकू येते. 'एचडीपार्म -सी' ने (इथेही 'सी' मोठ्या लिपीतला) स्थिती बघता येते, त्याने डिस्क उठत नाही. उठवणारा शोधायला 'फॅटरेस' चालवा. कंटेनरचा डेटाबेस किंवा नोंदवही डिस्कवर लिहीत असेल तर ती जागा एसएसडीवर हलवा. 'स्मार्टडी' दर अर्ध्या तासाने डिस्क तपासतो. त्याच्या ओळीत '-एन स्टँडबाय' लिहिले की झोपलेल्या डिस्कला तो हात लावत नाही. झेडएफएस किंवा रेड (अनेक डिस्क एकत्र वापरण्याची रचना) असेल तर एका फाइलीसाठी सगळा संच उठतो, हे आधीच लक्षात घ्या. चार जुन्या २ टीबीच्या डिस्कांऐवजी ८ टीबीच्या दोन आरशासारख्या (दोन्हींवर तीच माहिती) ठेवल्या तर जागा कमी होत नाही आणि डिस्कांचा वीजखर्च निम्मा होतो. एवढे वॅट वाचवणारा बदल बायोसमध्ये क्वचितच सापडतो.

रायझन असेल तर

एएमडीवर पॅकेजच्या पायऱ्यांचे रकाने दिसत नाहीत. भिंतीवरचा आकडाच वाट दाखवतो. ३६००, ५६००एक्स अशा प्रोसेसरांत गाभे वेगळ्या चिपवर आणि इनपुट-आउटपुट वेगळ्या चिपवर असते, आणि ती दुसरी चिप आयडललाही बरेच घेते. ते कमी करण्याला मर्यादा आहे. बायोसमध्ये 'ग्लोबल सी-स्टेट कंट्रोल' चालू करा. 'पॉवर सप्लाय आयडल कंट्रोल' 'लो करंट'वर ठेवून बघा. सर्व्हर रात्री आपोआप गोठू लागला तर 'टिपिकल'वर परत. एक्सएमपी (रॅमची वाढीव गती) बंद करून रॅम मूळ गतीवर आणली की काही वॅट उतरतात, आणि फाइल सर्व्हरला त्याचा वेगात फरक जाणवत नाही. एक्स५७० चिपसेट एकटाच १० वॅटच्या घरात आहे, बी५५० त्याच्या निम्म्याच्या आसपास. नव्याने बांधायचे असेल तर 'जी' मालिकेतला प्रोसेसर घ्या.

महिन्याभराने पुन्हा वाढले तर

उतरलेले वॅट परत चढण्याची कारणे ठराविक आहेत. नवा कर्नेल आला की चालकाचे वागणे बदलते आणि 'एल१_एएसपीएम' पुन्हा शून्यावर जाऊ शकते. प्रत्येक अद्ययावतीनंतर टर्बोस्टॅट एकदा बघा. वारंवार वीज जाणाऱ्या घरात बोर्डावरचा सीआर२०३२ सेल संपलेला असेल, तर प्लग निघाल्याबरोबर बायोस मूळ रचनेवर परततो आणि सी-स्टेट, एएसपीएम, सगळे पुसले जाते. घड्याळ मागे गेलेले दिसले की हेच कारण. सेल बदला, आणि बायोसच्या प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. 'ईआरपी' पर्याय बंद अवस्थेतला खर्च अर्ध्या वॅटवर आणतो, पण त्याने नेटवर्कवरून उठवणे बंद होते. वीज परतल्यावर आपोआप सुरू होण्याचा पर्यायही काही बोर्डांवर त्याच्याबरोबर चालत नाही. तुम्ही पुण्याला असताना पेडण्यातल्या घरातला सर्व्हर परत उठायला हवा असेल, तर 'ईआरपी' बंदच ठेवा आणि प्लग काढून-लावून तो स्वतः सुरू होतो का, हे निघण्याआधी करून बघा.